चुंबळीखालची मान

आधी वाटलं, बाईचा माझ्यावर विश्वास नाही. गादीवर उताणी निजली होती, डोळे मिटलेले होते. मी तिच्या डोक्यामागं मांडी घालून बसले होते आणि माझे दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली होते. म्हटलं, "ताई, डोकं सोडा. मी धरलंय." ती म्हणाली, "सोडलंय की." पण कुठलं काय. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खरंच सोडलं ना, की तळव्यात भरल्या तांब्यासारखं बसतं. हिचं डोकं हाताला लागतच नव्हतं. निजल्या जागी ती ते स्वतःच उचलून धरून होती, आणि आपण उचलून धरलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काय करता तुम्ही? सेंटर कुठलं?"

"डोकी सेंटर," ती म्हणाली. मग मला काही विचारावं लागलं नाही.

आमच्या पाटोदा तालुक्यात वर्षाचे दोनच तुकडे पडतात. दसऱ्याला सावरगावला, भगवानबाबांच्या जन्मगावी, मेळावा भरतो. तो पांगला की बालाघाटावरच्या वाड्या-वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती आता अंगानं फेडायची. हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं आणि नाव एका हत्याराचं. मग पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. कारखान्यांचा पट्टा पडला की पाडव्याच्या मागंपुढं सगळे परततात, घरं झाडली जातात आणि माझ्या दारात चपला दिसायला लागतात. माझा हंगाम त्यांच्या हंगामाच्या शेपटाला बांधलेला आहे.

गाडी सेंटरची माणसं ऊस बैलगाडीत भरतात. डोकी सेंटरची माणसं तोडलेला ऊस मोळी बांधून डोक्यावर घेतात आणि फळीवर चढून ट्रकात टाकतात. मोळी तीस-पस्तीस किलोची असते. डोक्याला रुतू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची चुंबळ. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. पहाटे पुन्हा फडात. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापतात. अशी मान सहा महिने मोळीखाली राहिली, तर एका दुपारी माझ्या सांगण्यावरून ती का म्हणून सैल व्हावी?

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. म्हणजे रगडलं नाही, दाबलं नाही. कवटीच्या खालच्या खोबणीत बोटांची टोकं ठेवली आणि नुसती बसले. तिथले स्नायू वाळल्या सुतळीसारखे लागत होते. दहा मिनिटं गेली, बारा गेली. बाहेर तिचं पोरगं माझ्या लेकीशी भांडत होतं. मग तिचा श्वास एकदम खाली पोटात गेला आणि डोकं माझ्या हातात पडलं. अक्षरशः पडलं, मी दचकलेच. पुढचा पाऊण तास ती घोरत होती. उठली ती घाबरूनच. "किती वाजलं? गाडी आली का?" म्हणाली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून हसली.

हे काम मला आजीकडून आलं. आजी आमच्या वाडीची सुईण. तिचं बाळ न्हाऊ घालणं बघायला बायका जमायच्या. पाटावर बसून पाय लांब करायचे, दोन नडग्यांच्या मधल्या घळीत बाळ घालायचं. तेल करडईचं, कारण आमच्याकडं रानात करडई. कोमट करून आधी आपल्या मनगटावर बघायचं. मग छातीपासून खांद्याकडं, मांडीपासून घोट्याकडं, पाठीवर गोल गोल. डाव्या हाताचा अंगठा उजव्या पायाच्या अंगठ्याला असं तिरकं जुळवायचं. कणकेचा गोळा तेलात बुडवून कपाळावरची लव काढायची. शेवटी डाळीच्या पिठात हळद कालवून पुसून घ्यायचं आणि ऊन पाण्याचा तांब्या. बाळ रडलं तर ती रागवायची, पण बाळाला नाही, स्वतःच्या हातांना. "आज हात कडक झालाय माझा," म्हणायची आणि दोन्ही हात ऊन पाण्यात घालून बसायची.

तिचं सगळंच मी उचललं नाही. ती बाळाच्या नाकात-कानात तेल सोडायची, छाती पिळायची. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि छाती पिळून गळू होऊ शकतं, हे मला पुढं शिकताना कळलं. ते मी बंद केलं. काही सासवा अजून म्हणतात, "आजीच्या हाताचं तुला आलं नाही." मी ऐकून घेते आणि तरी घालत नाही.

पण तिला जे कळत होतं, ते कळायला शास्त्राला बराच वेळ लागला. 1986 साली अमेरिकेत टिफनी फील्ड या बाईंनी दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस चोळून बघितलं. ज्यांना चोळलं त्यांचं वजन न चोळलेल्यांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. तोवर अशा नाजूक बाळांना शक्यतो हात लावू नये, असाच दवाखान्यांचा रिवाज होता. पुढं मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तेलातेलातला फरक पाहिला आणि 2005 साली छापला. कमी दिवसांच्या बाळांमध्ये खनिज तेलापेक्षा नारळाच्या तेलानं वजन जास्त वाढलं होतं. फील्डबाईंच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट निघाली. हात फार हलका लावला तर बाळाला नुसत्या गुदगुल्या होतात, उपयोग होत नाही. हात थोडा भरून लागायला हवा. आजी हेच एका शब्दात सांगायची: "हात टेकव. फिरवू नको."

लग्नानंतर काही वर्षं पुण्यात होते. तिथं मालिशीचा कोर्स केला आणि एका केंद्रात चार वर्षं काम केलं. गार खोली, मंद दिवा, वाहत्या पाण्याचा आवाज मोबाइलवर. आमच्याकडं सौताड्याला विंचरणा नदी खरोखरीच दरीत उडी घेते, आणि मी तिकडं भोंग्यातलं पाणी ऐकत लोकांच्या पाठी चोळत होते. संगणकावर बसणारी माणसं यायची. त्यांचीही मान अवघडलेली असायची, खांदे कानाला लागलेले. दुखणं खोटं नव्हतं त्यांचं. पण ती गादीवर पडायची कशी? हक्कानं. "जरा जोरात," "इथं अजून," "पाय राहिला." पैसे दिलेत, अंग आपलं आहे, ते मोकळं व्हावं ही अपेक्षा रास्त आहे. पाटोद्यात परतले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत एकाही बाईनं मला "इथं अजून" असं म्हटलं नाही. उलट दर पाच मिनिटांनी, "बास झालं माय, तुमचा हात दुखंल."

परत आल्यावर पहिला घोळ पाटीचा. पेंटरनं स्वतःच्या मनानं 'मसाज सेंटर' लिहून आणलं. दोन दिवसांत मोटारसायकलवरून पोरं रेंगाळायला लागली आणि चुलत सासऱ्यांनी घरात निरोप धाडला. मसाज या शब्दाला शहरांनी जो वास लावून ठेवलाय, तो आमच्यापर्यंत पोचला होता. मी पाटी खोडून 'अंग चोळून मिळेल, फक्त बायका व बाळं' असं लिहिलं. पेंटर म्हणाला, हे फार गावठी दिसतंय. दिसू दे. मालिश म्हटलं की तालमीतला पैलवान डोळ्यापुढं येतो, मसाज म्हटलं की भलतंच, आणि अभ्यंग म्हटलं की दिवाळीची पहाट. वर्षातून एकदा उटणं लावून घ्यायला कुणाची ना नसते. बाकी तीनशे चौसष्ट दिवस तेल लावून घेणारी बाई आमच्याकडं एक तर बाळंतीण असते, नाहीतर आळशी.

चरकसंहितेत अभ्यंगाला एक उपमा दिली आहे. तेल मुरलेला घडा, तेल पाजलेलं कातडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसं तेलानं शरीर टिकतं. कोर्सात हे ऐकलं तेव्हा मला आमची टायरगाडी आठवली. ऊसतोडीला निघण्याआधी वडील गाडीच्या चाकांना वंगण घालायचे, बैलांच्या खांद्यांना हळद-तेल लावायचे. आईच्या खांद्याला तेल लावलेलं मी कधी पाहिलं नाही. वडील वाईट नव्हते. बैलाला कशानं इजा होते हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच.

बायका विचारतात, ह्यानं नेमकं होतं काय? पूर्वी मी ठोकून द्यायचे, रक्तातली घाण निघून जाते म्हणून. कोर्सातही थोडंफार तसंच शिकवलं होतं, की दमलेल्या स्नायूतलं लॅक्टिक आम्ल वाहून जातं. 2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांचे बारीक तुकडे काढून तपासले. आम्लात काहीच फरक नव्हता. फरक होता तो सुजेच्या खुणांमध्ये. चोळलेल्या पायात त्या कमी होत्या. हे वाचल्यापासून मी 'घाण' हा शब्द सोडला. आता सांगते, ढोपर आपटलं की आपण आधी काय करतो? चोळतो. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी त्याची उपपत्ती मांडली. चोळण्याची जाणीव मेरुरज्जूत शिरली की कळेचा दरवाजा थोडा लोटला जातो. बायकांना हे लगेच पटतं, कारण दारात दोघी एकदम शिरताना काय होतं ते त्यांना माहीत आहे.

पण कळ कमी होणं आणि दुखणं जाणं यात फरक आहे, तो मी प्रत्येकीला सांगते. चार ठिकाणी झिजलेला मणका माझ्या हातानं भरून येत नाही. पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा गेला तर मी गादीवर घेतच नाही, डॉक्टर. ताप असेल तर नाही. जेवून लगेच आली तर थांबवते. वाग्भटानंही अजीर्णात अभ्यंग नको म्हटलंय, आणि इथं तर बायका दुपारची भाकरी उरकून धावत येतात. उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत आमच्याकडं अजून आहे. त्याला मी हसत नाही. उसण बहुधा चार दिवसांत आपोआप उतरते, मग श्रेय पायाळूनं घेतलं काय आणि मी घेतलं काय.

एकदा मात्र थोडक्यात निभावलं. बाळंतीण होती, सिझर होऊन पंधरावा दिवस. सासूनं आणलं, म्हणाली, "हिची पोटरी दुखायलीय, रात्रभर झोप न्हाई. जरा रगडून द्या." मी तेल हातावर घेतलंसुद्धा. पदर सावरताना साडी वर सरकली आणि दिसलं की सुजलाय तो डावाच पाय. उजवा चांगला होता. हात टेकवला तर पोटरी तापलेली. बाळंतपणानंतर दोन्ही पाय थोडे सुजतात, ते वेगळं. एकच पाय सुजला, गरम लागला, कळ मारायला लागला तर आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते. रगडलं आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर बाई जागेवर जाऊ शकते. मी तेल पुसलं. सासू चिडली, "एवढ्या लांबून आलोय आम्ही." रिक्षा मीच बोलावली आणि ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. तिथून त्यांनी बीडला धाडलं. गाठच निघाली. महिन्याभरानं सासू पावशेर तूप घेऊन आली. माझं लक्ष मात्र त्या दिवशीच्या तेलावर अडकलं होतं. साडी सरकली नसती तर?

त्याआधी एक चूक केलेली होती, तिनं मला सावध केलं असावं. नवी होते, जोर दाखवायची हौस होती. एका म्हाताऱ्या मावशींच्या मांड्या इतक्या रगडल्या की दुसऱ्या दिवशी जांभळ्या पडल्या. हृदयाच्या दुखण्यामुळं त्या रक्त पातळ करायची गोळी घेत होत्या. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दाराशी आधी गोळ्यांची पिशवी उघडायला लावते, मग चप्पल काढायला.

पोटावरच्या टाक्यांविषयीही विचारायला लागले, आणि तिथं वेगळंच काही उघडं पडलं. तिशी-पस्तिशीतल्या बायका, पिशवी काढलेल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. मला वाटायचं, माझ्याकडंच अशा येतात. 2019 साली हा विषय राज्यभर गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. आकडा वाचून मी वही काढून बसले आणि माझ्याकडच्या मोजल्या. मोजून वही मिटली. पाळीत फडात उभं राहता येत नाही, खाडा परवडत नाही, पांढरं जातं, दवाखान्यात भीती घालतात. प्रत्येकीची गोष्ट थोडी वेगळी आणि शेवट एकच. लवकर पिशवी गेली की हाडंही लवकर विरळ होतात. म्हणून त्यांच्या कमरेवर मी कोपर टेकवत नाही, तळवाच ठेवते.

या बायका गादीवर रडतात. सगळ्या नाही, पण पुष्कळ. पाठीवर, दोन फऱ्यांच्या मधोमध हात स्थिर ठेवला की कधी कधी पाठ हलायला लागते. पहिल्यांदा मी घाबरले, कुठं दुखलं का विचारलं. ती म्हणाली, "न्हाई वो, दुखत न्हाई म्हणूनच." आता विचारत नाही. पंचा उशाशी ठेवलेला असतो. बाहेर आल्या की चहा पितात, पावसाचं बोलतात, उचल फिटली का नाही ते बोलतात. मनाच्या आजारावर हा इलाज आहे असं मी कुणाला सांगणार नाही. जिला विहीर दिसायला लागलीय, तिला मी तेल लावत बसत नाही, सरळ डॉक्टरांकडं नेते. पण ज्या अंगाला लहानपणच्या न्हाऊ-माखूनंतर फक्त कामाचा, नवऱ्याचा आणि दवाखान्याचा हात लागला, त्या अंगाला काहीही न मागणारा हात लागला तर त्याला काय करावं तेच सुचत नाही. आधी ते घट्ट होतं. मग दमतं. मग झोपतं.

पैशाचं म्हणाल तर बाळंतिणीचे ठरलेले असतात, मास्तरीणबाई आणि तहसीलातल्या मॅडम पुण्यासारखेच मोजून देतात. तोडीवरच्या बायकांना मी आकडा सांगत नाही. कुणी शंभर ठेवतं, कुणी काकवी, कुणी गुळाची ढेप. एकीनं वाढे आणून टाकले, माझ्याकडं म्हैस नसताना.

आणि माझं अंग? दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेलेत. मळलेलं पीठ तोडतानाही चमक येते. कोपर आणि मनगटाखालचा हात वापरायला शिकले, तरी उशीरच झाला. रात्री लेक पाठीवर चालते, भिंतीला धरून, पावलं मोजत. तिचं वजन वाढायला लागलंय, आणखी वर्षभर चालेल ही मालिश. परवा म्हणाली, "आई, तू पण पाठ धरून ठेवतीस."

ती डोकी सेंटरची बाई त्या उन्हाळ्यात सहा-सात वेळा आली. डोकं सोडायला बारा मिनिटं लागायची, त्याची पाच झाली, एकदा तर टेकवताक्षणी पडलं. पावसाळ्यात निंदायला-खुरपायला गेली, दिसेनाशी झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जावेला घेऊन दारात उभी. "उद्या निघतोय. तिथं तुम्ही कुठून येताल?"

मी दोघींना पडवीत बसवलं. एकीला निजवलं, दुसरीला डोक्यामागं. बोटं कुठं टेकवायची, ती खोबण दाखवली. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. मग उलटापालट. जाऊ पहिल्यांदा खिदळत होती, मग गप्प झाली. फडाजवळच्या कोपीत रात्री पाच मिनिटं तरी करा, म्हटलं. आणि कुणीच नसेल तेव्हा? घरात उशी नव्हती द्यायला. तिच्याच पिशवीतून नवी वळलेली चुंबळ काढली, जरा सैल केली, लांबट गुंडाळी करून तिच्या मानेच्या खळगीत सरकवली. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून बसली, गुंडाळी हातात फिरवून बघितली. लुगड्याचा आणखी एक तुकडा आहे का, म्हणाली. मी आतून आजीचं जुनं धडपं आणून फाडून दिलं.

तिनं तिथंच दुसरी चुंबळ वळली. "ही डोक्याला," जावेला दाखवत म्हणाली, "आन् ही मानेला. मिसळू नकोस." दोन्ही पिशवीत टाकल्या, वर कोयत्याची मूठ दाबून बसवली आणि दोघी निघाल्या.